सावडीत कसं शिरायचं

शहर सोडून भातशेती करायला आलेल्यांना माझं पहिलं सांगणं असतं: मजूर शोधायच्या आधी सावड जोडा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबणारी माणसं. आमच्या मावळात जुलैत लावणीला माणूस मिळत नाही, कारण सगळ्यांची रोपं एकदमच तयार होतात. इंद्रायणी भाताचं रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की लावायला हवं. लांबलं की फुटवे कमी. म्हणून आज सगळ्यांनी माझ्या खाचरात, उद्या त्यांच्या. पैसे नाहीत, माणसाला माणूस.

आधी मागायला जाऊ नका, आधी कामाला जा. शेजारची लावणी निघाली की बोलावण्याची वाट न बघता सकाळीच बांधावर उभं राहायचं आणि विचारायचं, "मावशी, कुठं धरू?" पहिल्या दिवशी रोपं उपटून मुठी बांधायला बसवतील. राग मानू नका. एका चुडात, म्हणजे एका जागी रोवायच्या जुडीत, दोन-तीन काड्या, त्याही उथळ, हे हाताला बसेपर्यंत नवख्याला ओळीत कुणी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. खोल गेलेलं रोप नीट फुटत नाही.

तुमच्याकडे दोघं आले तर दोघांनीच जा. स्वतः न जाता पाकीट पाठवू नका. शेजारणीला मजुरी दिली की व्यवहार तिथंच मिटतो, पुढच्या वर्षी ती बाई तुमच्याकडे मजुरीच मागणार.

खरी अडचण घेण्याची असते. नवी माणसं देताना पुढं, आणि कुणी हात द्यायला आलं की "नको, आमचं आम्ही करू". असं म्हटलं की समोरच्यालाही तुमच्याकडे काही मागवत नाही. ज्या म्हातारीला चिखलात वाकवत नाही, ती तुमचं पोर सांभाळीन म्हणाली तर सांभाळू द्या. तिच्या खाचरातला तुमचा दिवस त्यात फिटला. वर तांदूळ-बिंदूळ नेऊन देऊ नका, तिला ते दान वाटेल.

घरच्या लावणीला न्याहारी भरपूर ठेवा: भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. माणसं ती बांधावर एकत्र बसून खातात, आणि कुणाची सून कुठली, कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे तुम्हाला तिथंच कळतं.

लावणी संपताना एखादा दिवस अंगावर राहिला तर घाईनं फेडू नका. दिवाळीच्या सुमारास कापणी येते, तेव्हा विळा घेऊन जा.