ब्लड कॅन्सरचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. ठळक काही नाही, म्हणजे सगळं नॉर्मल, असं धरून कागद फाइलला लागतो. केमो चालू असताना ही घाई फार महागात पडते.

केमोनंतरच्या दहाव्या दिवसाचा एक सीबीसी (रक्तपेशी मोजणारा रिपोर्ट) घ्या. टीएलसी, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, ४,२००. लॅबची मर्यादा ४,००० ते ११,०००. घरात आनंद, ‘काउंट आले!’ पण खाली डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार टक्क्यांत, न्यूट्रोफिल्स ९ टक्के आहेत, ते कुणी बघत नाही. ४,२०० चे ९ टक्के म्हणजे ३७८. हा एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिल्सचा प्रत्यक्ष आकडा. बॅक्टेरियाशी पहिली झुंज याच पेशी देतात, आणि ५०० च्या खाली त्या जवळपास नसल्यातच जमा. संध्याकाळी अंग कोमट लागतं, कुणीतरी पॅरासिटामॉल देतं, ताप उतरतो, सगळे झोपतात. सकाळी बीपी पडलेला पेशंट इमर्जन्सीत. गोळीने ताप दडतो, इन्फेक्शन जागेवरच असतं. म्हणून आधी थर्मामीटर, मग फोन, गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच. १००.४ फॅरेनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. अँटिबायोटिक पोहोचल्यापासून तासाभरात सुरू व्हावं लागतं.

रिपोर्टमध्ये बँड सेल्स (अजून पूर्ण न वाढलेले न्यूट्रोफिल्स) वेगळे दिले असतील तर तेही न्यूट्रोफिल्समध्ये मिळवून टक्के काढा. एएनसी आणि केमोचा कितवा दिवस, हे दोन्ही रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहा. फोनवर नुसतं ‘काउंट कमी आहेत’ सांगून काही कळत नाही. कोणते, किती?

प्लेटलेट्सचं एकक वाचल्याशिवाय आकडा सांगू नका. कुठली लॅब १८ हजार छापते, कुठली ०.१८ लाख. त्यातला पॉइंट एक घर सरकला की १.८ लाख होतात.

‘रेमिशन’ म्हणजे ‘बरा झाला’ असं पेढे वाटून सांगणारे नातेवाईक कमी नाहीत. शब्दाचा अर्थ मर्यादित आहे: बोन मॅरोत ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी, ५ टक्क्यांच्या खाली आणि काउंट सावरलेले. निदानाच्या वेळी शरीरात साधारण एक लाख कोटी ल्युकेमियाच्या (ब्लड कॅन्सरच्या) पेशी असतात. रेमिशनमध्येही हजार कोटींपर्यंत उरू शकतात आणि मायक्रोस्कोपला पत्ता लागत नाही. म्हणून एमआरडी, म्हणजे उरलेल्या कॅन्सर पेशी शोधणारी तपासणी, करतात; ती दहा हजारांत एक पेशीही पकडते. एमआरडी निगेटिव्ह आली तरी एएलएलचे (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, मुलांत जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर) उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. त्यातला मोठा भाग मेंटेनन्सचा, घरी घ्यायच्या गोळ्यांचा. पोरगं खेळायला लागलं की याच गोळ्या चुकतात.

आणि उलटही होतं. मेंटेनन्समध्ये ६-एमपीची गोळी रोज, मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज गेली तर तोंड सोलून निघतं, मॅरो बसतो (रक्तपेशी बनणं थांबतं), जीवही जाऊ शकतो. वार पक्का करा, स्ट्रिपवर मार्करने तो वार लिहा आणि ही स्ट्रिप रोजच्या डब्यात ठेवूच नका. मोबाइलच्या अलार्मवर भिस्त ठेवणाऱ्यांनी डबा तरी वेगळा करावा.

‘अक्यूट’ म्हणजे झपाट्याने वाढणारा. क्रॉनिकपेक्षा असाध्य असा त्याचा अर्थ नाही.

अक्यूट ल्युकेमियात ‘कितवी स्टेज?’ विचारू नका, रिस्क ग्रुप, म्हणजे आजार उलटण्याचा धोका किती, ते विचारा.

‘पॉझिटिव्ह’ दिसलं की आधी ‘कशासाठी?’ विचारा. फिलाडेल्फिया (कॅन्सर पेशींतला एक जनुकीय बदल) पॉझिटिव्ह असेल तर इमॅटिनिबसारख्या नेमक्या गोळ्या वापरता येतात.

‘अनरिमार्केबल’ म्हणजे वावगं काही दिसलं नाही.

काउंट वाढवायचं इंजेक्शन दिल्यावर टीएलसी २५-३० हजारांवर गेला, तर आजार उलटला म्हणून रडारड सुरू करण्याआधी शेवटच्या इंजेक्शनची तारीख बघा आणि तारखेसकट रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.