वीटभट्टीच्या धुराची तक्रार करताय? या चुका टाळा

‘स्थळपाहणीच्या वेळी भट्टी बंद असल्याचे आढळले.’ या एका ओळीवर वीटभट्टीविरुद्धचे कितीतरी अर्ज निकाली निघतात. आमच्या वस्तीचा पहिला अर्जही असाच गेला. सह्या भरपूर होत्या, मजकूर मात्र दोन वाक्यांचा: धूर येतो, मुलांना खोकला होतो, भट्टी बंद करावी. अधिकारी भरदुपारी आले तेव्हा आभाळ निरभ्र होतं. धूर पहाटे येतो, हे आम्ही लिहिलंच नव्हतं.

धुराची वेळ न नोंदवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चिमणीच्या जुन्या भट्टीत कामगार वरच्या भोकांतून कोळसा सोडतात. एकदम जास्त घातला की तो नीट जळत नाही, काही मिनिटं काळा लोट उठतो आणि मग चिमणी पुन्हा साफ दिसते. त्यात थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. ती झाकणासारखी बसते आणि धूर घरांच्या उंचीवरच तरंगत राहतो. उन्हं चढली की तो वर निघून जातो.

म्हणून किमान पंधरा दिवस वही ठेवा. नोंद अशी असावी: ‘पहाटे ५.४०. काळा धूर, सुमारे सात मिनिटं. वारा भट्टीकडून वस्तीकडे. जळक्या रबराचा वास. ओट्यावर काजळी.’ सोबत तारीख-वेळ उमटलेला फोटो. अशा नोंदी जोडून पाहणी पहाटेच व्हावी, अशी मागणी अर्जातच करा.

फोटो काढताना एक घोटाळा हमखास होतो. कच्च्या विटांतलं पाणी उडतं तेव्हा पांढरी वाफ निघते. लोक तिचाच फोटो जोडतात आणि भट्टीवाला ती वाफ आहे हे सहज पटवून देतो. उलट चिमणीतून काहीच दिसत नाही म्हणजे हवा चांगली, असंही नाही. कोळशातल्या गंधकातून होणारा सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही.

दोन वेगळी मोजमापं एकत्र करणं

२२ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांची मर्यादा घनमीटरला २५० मिलिग्रॅम आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेसाठी पीएम २.५ ची, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. हवा मोजणाऱ्या घरच्या छोट्या यंत्रावर १८० मायक्रोग्रॅम आकडा दिसला आणि कोणी ‘२५० च्या आत आहे’ म्हणालं, तर तो चिमणीचा नियम तुमच्या अंगणाला लावतोय. घरचं यंत्र कल दाखवायला उपयोगी आहे. चिमणीची तपासणी मात्र प्रमाणित पद्धतीनेच करून मागावी लागते.

फक्त अंतरावर भांडणं

त्याच अधिसूचनेत भट्टी वस्तीपासून आणि फळबागांपासून किमान ०.८ किलोमीटर आणि दुसऱ्या भट्टीपासून १ किलोमीटर लांब उभारावी, असं आहे. अंतर नकाशावर सरळ रेषेत दाखवा. धूर काही रस्त्याने वळसा घालून येत नाही. पण भट्टी जुनी असेल तर ‘आम्ही आधीपासून आहोत’ हे उत्तर तयारच असतं, आणि सगळा अर्ज अंतरावर उभा असेल तर तो तिथेच कोसळतो.

इंधनाचा मुद्दा जास्त पक्का आहे. टायर, प्लास्टिक, पेटकोक (तेलशुद्धीकरणातून उरणारा कोळशासारखा पदार्थ), घातक कचरा जाळायला मनाई आहे, भट्टी नवी असो की जुनी. मात्र नुसता काळा धूर टायरचा पुरावा ठरत नाही, अर्धवट जळालेला कोळसाही तसाच दिसतो. टायरांचा ढीग सार्वजनिक रस्त्यावरून टिपा, आवारात घुसू नका. विटांच्या गाड्या पक्क्या रस्त्याने जातात का, त्यांवर झाकण असतं का, राखेचे ढीग उघडे आहेत का, हेही लिहा. उन्हाळ्यात ही धूळही घराघरात येते.

उंच चिमणी लावली की प्रश्न सुटला, असंही मानू नका. उंचीने धूर लांब पसरतो, कमी होत नाही. झिगझॅग रचनेत गरम हवा विटांमधून वळणं घेत जाते आणि कोळसा थोडा थोडा सतत घातला जातो, तेव्हा धूर खऱ्या अर्थाने घटतो. नव्या भट्टीला झिगझॅग, उभ्या शाफ्टची रचना किंवा पाइपने येणारा नैसर्गिक वायू, याशिवाय परवानगीच नाही.

एकाच दारात बसून राहणं

ग्रामपंचायतीला पत्र द्या, पण तिथेच थांबू नका. भट्टी चालवायला लागणारी हवा अधिनियम १९८१ खालची संमती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं; संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागा, त्यातल्या अटी हाच तुमचा पुढचा अर्ज. मातीच्या उत्खननाची परवानगी तहसील कार्यालयात तपासा. सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, पण तिथे मुदत कडक आहे: तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने, फार तर आणखी ६० दिवस. ‘या हंगामात बघू, पुढच्या हंगामात जाऊ’ म्हणता म्हणता ती निघून जाते.

कामगारांवर राग काढणं

भट्टीशेजारच्या झोपड्यांत राहणारी कुटुंबं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त धूर गिळतात, त्यांची लेकरंही. इंधन ती निवडत नाहीत. त्यांच्या झोपड्या, पाणी, मुलांची तपासणी हेही तक्रारीत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. शिवाय पेटलेला विटांचा ढीग मधेच विझवता येत नाही. ‘आज बंद करा’ ऐवजी ‘पुढची भट्टी संमतीशिवाय पेटवू देऊ नका’ असं लिहा.

पाहणीच्या दिवशी घरी बसणं

वही घेऊन दोघं-तिघं हजर राहा. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. भट्टी थंड असेल तर शेवटची कधी पेटली होती, राख किती गरम आहे, कोणतं इंधन पडलंय, हे त्यात लिहून घ्या. नकार मिळाला तर आपली हरकत त्याच दिवशी लेखी देऊन पोच घ्या.