उद्यमनगरात सॉफ्टवेअर विकायचं तर

गुंतवणूकदाराचा पैसा न घेता धंदा उभा करायचा असेल, तर पहिलं गिऱ्हाईक गाडीवरून दहा मिनिटांत गाठता येईल असंच शोधा. मी कोल्हापुरात जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेरच्या कारखान्याकडून करून घेतलेल्या कामाच्या, चलनांचा (मालासोबत जाणाऱ्या कागदांचा) हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकतो. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) निघतं, मशिनिंगला उद्यमनगरात येतं, तिथून पुढे पेंटिंगला जातं. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. साचे, डाय, जिग-फिक्स्चर (काम करताना नग धरून ठेवणारी साधनं) यांना ही मुदत नाही, म्हणून त्यांची नोंद वेगळी ठेवा. कुठला नग कुठं अडकलाय हा थेट मालकाच्या खिशाचा प्रश्न आहे. असा प्रश्न हाताशी असला की विकताना फार बोलावं लागत नाही.

आता शेडमध्ये जाऊन उभे राहा. पत्र्याखाली रेंज जाते-येते, सुपरवायझरची बोटं कूलंटनं ओली. ‘सेव्ह’ दाबूनही काही हललं नाही की तो परत दाबतो, आणि एकाच मालाची दोन चलनं तयार होतात. उपाय सोपा आहे: नोंदीचा ओळख क्रमांक फोनवरच, पाठवण्याआधी तयार करा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिकची, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याची, अट घाला. मग तो कितीही वेळा दाबू दे.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सर्व्हर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. रात्रपाळीत दोन वाजता केलेलं चलन सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवसाचं. 31 मार्चच्या रात्री तर ते मागच्या आर्थिक वर्षातच जाऊन बसतं आणि क्रमांकांची मालिका बिघडते. वेळ यूटीसीत ठेवा, पण चलनाची तारीख भारतीय वेळेनं काढून वेगळ्या रकान्यात साठवा. क्रमांक 16 अक्षरांच्या वर जाऊ देऊ नका, नियमच तसा आहे.

बाकी तांत्रिक बाजू साधी ठेवा. एक सर्व्हर, पोस्टग्रेस हा डेटाबेस, रोजचा बॅकअप. माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांची सुट्टी सोमवारी. त्याच दिवशी बॅकअप दुसऱ्या मशिनवर उतरवून चालतो का बघायचं.

पैसे वर्षाचे, आगाऊ. “म्हयन्याला देतो की” म्हणणाऱ्याच्या मागं वसुलीला फिरण्यात आपलेच दिवस जातात, आणि बिनभांडवली धंद्यात तेवढंच भांडवल असतं. सूट द्यायची तर आगाऊ भरणाऱ्याला द्या, उधारीवाल्याला नको.

मात्र पैसे घेतले की त्याच आठवड्यात जुन्या वहीतली उघडी चलनं, म्हणजे ज्यांचा माल अजून परत आलेला नाही ती, गिऱ्हाइकाकडं बसून सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्या. शेजारी बसा, पण फोन सुपरवायझरच्याच हातात राहू द्या. तो कुठं थांबतो ते लिहून घ्या. पुढच्या महिन्याचं काम त्यातूनच ठरतं.