गिझरच्या व्हॉल्व्हला बूच लावू नका : बाथरूमच्या प्लंबिंगमधल्या या चुका टाळा

दिवाळी झाली, हवेत गारवा आला की गिझरच्या तक्रारी सुरू होतात. त्यातली सगळ्यात नेहमीची म्हणजे गिझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. आणि त्यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे ते भोक बुजवून टाकायचं. कुणी एम-सील भरतं, कुणी लाकडाची खुंटी ठोकतं, कुणी व्हॉल्व्हच काढून तिथे साधा निपल, म्हणजे आट्यांचा पाइपचा तुकडा, बसवतं. थेंब थांबतो, घरातले खूश होतात, आणि डोक्यावर टांगलेली टाकी त्या दिवसापासून धोकादायक होते.

पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या गिझरमधलं पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत नेलं, तर ते साधारण अर्धा लिटर वाढतं. थंड पाण्याच्या बाजूला एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असतो, तो पाणी मागे लाइनमध्ये जाऊ देत नाही. गरम पाण्याचा नळ बंद असतो. म्हणजे वाढलेल्या पाण्याला जायला वाट उरते ती फक्त या सेफ्टी व्हॉल्व्हची. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की आतली स्प्रिंग दबते आणि थोडं पाणी बाहेर पडतं. गिझर तापत असताना पडणारा तो थेंब म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. कुकरची शिट्टी बांधून कुणी भात शिजवत नाही, मग गिझरची का बांधता?

पिंपरी-चिंचवडमधल्या एका उंच इमारतीत, खालच्या मजल्यावरच्या एका घरी मला बोलावलं होतं. तक्रार अशी की गिझर लावला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो. आधी येऊन गेलेल्या इलेक्ट्रिशियनने स्विच बदलला होता, वायर बदलली होती, आणि शेवटी "आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू" असं सुचवून गेला होता. काकूंनी ते ऐकलं नाही, हे फार बरं झालं. मी गिझरखाली हात घातला तर पत्र्याला पोट आलेलं. व्हॉल्व्हच्या नळीत पांढरं सील घट्ट भरलेलं. थेंब खाली ठेवलेल्या वॉशिंग मशीनवर पडायचे म्हणून आदल्या उन्हाळ्यात कुणीतरी दुरुस्त करून दिलं होतं. रोज तापणं, रोज फुगणं, रोज निवणं, यात आतल्या टाकीचा वेल्डिंगचा जोड उकलला होता आणि पाणी थेट एलिमेंटच्या वायरिंगवर झिरपत होतं. आरसीसीबी पडत होता तो त्यामुळे. घरातल्या माणसांना शॉक लागला नाही तो त्याच्यामुळेच. व्हॉल्व्हशी छेडछाड झाली म्हणून वॉरंटी नाकारली गेली, गिझर भंगारात गेला.

त्या घरात थर्मोस्टॅट शाबूत होता. तो आणि त्याच्यामागचा थर्मल कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा) हे दोन्ही चिकटले असते तर पाणी शंभर अंशांच्या वर गेलं असतं. दाबाखाली ते पाणीच राहतं, पण टाकी फुटली की त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. अशा टाकीखाली आपण मुलांना आंघोळ घालतो. म्हणून या एका चुकीवर मी कुणाशीही तडजोड करत नाही. बुजवलेला व्हॉल्व्ह दिसला की आधी गिझर बंद करतो आणि नवीन व्हॉल्व्ह बसल्याशिवाय चालू करून देत नाही, घरचे कितीही घाईत असोत.

मग थेंबाचं करायचं काय? व्हॉल्व्हच्या नळीला बारीक लवचिक ट्यूब लावा, ती भिंतीलगत खाली आणून नहाणीपाशी सोडा, तोंड उघडं ठेवा. एवढंच. गिझर बंद असतानाही पाणी पडत राहिलं, तर मात्र कारण शोधावं लागतं. व्हॉल्व्हची छोटी दांडी उचलून पाणी जोरात जाऊ द्या, सीटवर अडकलेली रेती बऱ्याचदा निघून जाते. तरीही थांबत नसेल तर लाइनचा दाब मोजा. दहा मीटर उंचीला जवळपास एक बार दाब असतो. म्हणजे वीस मजल्यांच्या इमारतीत मध्ये दाब कमी करायची सोय नसेल, तर पहिल्या मजल्यावर सहा बारच्या आसपास दाब येतो. त्यात घरात प्रेशर पंप असेल तर आणखी. अशा ठिकाणी गिझरच्या लाइनवर पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, बसवा. गिझर घेतानाही त्याच्या पाटीवर किती बार लिहिलंय ते बघा. उंच इमारतीसाठी ८ बारचा घ्या. स्वयंपाकघरातले छोटे इन्स्टंट गिझर बरेचदा ६.५ बारचेच असतात. आणि व्हॉल्व्हच झिजला असेल तर त्याच रेटिंगचा नवीन लावा. जुन्याला ठोकून ठाकून नीट करायच्या भानगडीत मी पडत नाही.

दुसरी चूक घाईची, आणि ती भिंतीच्या आत लपते. गणपती तोंडावर आले की बाथरूम नवीन करून हवं असतं. सकाळी पाइपासाठी भिंतीत झिरी मारली, दुपारी सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाचे) जोड चिकटवले, संध्याकाळी सिमेंट भरलं, दुसऱ्या दिवशी टाइल्स. दिसायला काम झकास. दोन महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल येते, सोसायटीत भांडण होतं आणि नव्या कोऱ्या टाइल्स फोडाव्या लागतात.

असं फोडलेलं एक बाथरूम मी ठाण्यात बघितलं. मिक्सरच्या (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळाच्या) मागचा पितळी आट्यांचा एल्बो केसाएवढा तडकला होता. प्लंबर जुन्या जीआय, म्हणजे लोखंडी पाइपाच्या सवयीचा. आट्यांवर सफेद्याची पेस्ट आणि सुतळी, वर पाइप पान्याने अंगातला सगळा जोर. जीआयला ते चालायचं, सीपीव्हीसीला नाही. काही तेलकट पेस्टने सीपीव्हीसी आतून कमजोर होतं, आणि जास्त आवळलं की फिटिंगवर कायमचा ताण राहतो. ते त्याच दिवशी फुटत नाही, रोज गरम-थंड होत होत फुटतं. आट्यांवर फक्त टेफ्लॉन टेप, आट्यांच्या दिशेने गुंडाळलेली. हाताने घट्ट होईल तेवढं करायचं आणि पान्याने फार तर एक-दोन वळसे.

चिकटवतानाही तसंच. पीव्हीसीचं सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. पाइप सरळ कापा, कापलेल्या तोंडाची कुसळं काढा, पाइपला आणि फिटिंगला दोन्हीकडे सोल्युशन लावा, पाव वळसा फिरवत आत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. लगेच सोडलं तर पाइप हळूच मागे सरकतो. एक दिवस लाइनला पाणी सोडायचं नाही, ही माझी सवय. त्यानंतर हँडपंपाने १० बार भरायचे आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा हलला नसेल तरच झिरी बुजवायची. गवंडी कुरकुरतो, मालक तारखा दाखवतो. मी ऐकत नाही. ज्याला एक रात्र थांबवत नाही, त्याने दुसरा प्लंबर बघावा.

गरम पाण्याला साधा यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप, लावू नका. ६० अंशांच्या आसपास त्याची ताकद जाते.

विजेचं थोडक्यात सांगतो, पण याला थोडकं समजू नका. २ किलोवॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॉटचा १३. म्हणून १६ अँपिअरचाच पॉइंट, स्वतंत्र वायर, बाथरूमच्या बाहेर डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर चालवू नका. जुन्या चाळींत आणि वाड्यांत अर्थिंग नसतं, म्हणून न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनेला जोडून देणारे लोक आहेत. न्यूट्रल कुठे तुटली की गिझरच्या पत्र्यात, पाण्यात, नळात करंट येतो. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, गिझर नंतर.

गॅस गिझर बाथरूमच्या आत लावूच नका. ज्वाला आतली हवा खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. आंघोळ करता करता माणूस कोसळतो आणि आतून कडी लावलेली असते. "वर छोटी खिडकी आहे ना" हे उत्तर मला पटत नाही, कारण थंडीत पहिली बंद होते ती खिडकीच. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, आत फक्त पाण्याचा पाइप.

बाकीच्या चुका छोट्या, पण रोजच्या.

एक बादली भरेपर्यंतच पाणी कोमट पडतं? इनलेट-आउटलेट उलटे जोडलेत का बघा. निळा थंड, लाल गरम. टाकीत थंड पाणी खालून येतं आणि गरम वरून उचललं जातं, उलट केलं की दोन्ही मिसळतात.

थंड नळातून गरम पाणी येतं? बहुतेक वेळा कुठल्यातरी मिक्सरचे दोन्ही नळ उघडे असतात आणि पाणी फक्त पुढच्या जेटच्या बटणाने अडवलेलं असतं. आतल्या आत गरम पाणी थंड लाइनमध्ये शिरतं. मिक्सर बंद करायची सवय लावा.

नवीन गिझर बसवल्यावर आधी गरम पाण्याचा नळ उघडून ठेवा. फुरफुरत येणारी हवा थांबून पाण्याची सलग धार येऊ द्या, मगच स्विच. रिकाम्या टाकीत एलिमेंट काही मिनिटांत जळतं.

बोअरचं पाणी असेल तर एलिमेंटवर क्षाराचा थर बसतो, तापताना तडतड आवाज येतो, बिल वाढतं. थर्मोस्टॅट ६० च्या खाली ठेवा, वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या, आणि त्याच वेळी मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड बघा. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. संपला की टाकीची पाळी येते.

एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या) भिंतीवर प्लास्टिकच्या गट्टूत गिझर टांगू नका. २५ लिटरचा गिझर भरला की पस्तीस किलोच्या घरात जातो.

आणि गावाहून परतल्यावर बाथरूमला गटाराचा वास आला, तर लगेच अॅसिड ओतायला धावू नका. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीच्या जाळीखाली साठून वास अडवणारं पाणी आटलेलं असतं. दोन मग पाणी ओता, वास जातो. पुन्हा जास्त दिवस जाणार असाल तर निघताना पाण्यावर चमचाभर खोबरेल सोडा, पाणी लवकर आटत नाही.