शिकाऊ उमेदवारी: गेटवर बायोडेटा ठेवण्याआधी

रबाळे एमआयडीसीत आमच्या गेटवर आयटीआयची पोरं बायोडेटा ठेवून निघून जातात. पोरांनो, आधी केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) पोर्टलवर नोंदणी करा. आधार आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळू द्या, बँक खातंही आधारला जोडा. शिकाऊ उमेदवारीच्या राष्ट्रीय योजनेत (२०१६ पासूनची) स्टायपेंडचा, म्हणजे विद्यावेतनाचा, २५ टक्के वाटा, महिना कमाल १५०० रुपये, सरकार उचलतं. नाव चुकलं की पैसे अडकतात.

३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तेव्हा बिचकू नका, थेट एचआरला विचारा.

खरी गोष्ट कराराची. पोर्टलवर करार नोंदवलेला नसेल, तर तुमची गणना शिकाऊंत होणारच नाही. कंपनीला स्वस्तात हेल्पर मिळाला, इतकंच. ट्रेड, मुदत, स्टायपेंड नीट वाचून मगच सही करा. करारात फिटर लिहिलंय आणि महिनोन्महिने खोके चिकटवायला बसवलंय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि फार राग येतो. अशा वेळी रोजच्या कामाची तारखेनिशी वही ठेवा, आधी सुपरवायझरशी बोला, मग ती वही घेऊन शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे (हा सरकारी अधिकारी असतो) लेखी तक्रार करा.

मुदत संपली की परीक्षा चुकवू नका; राष्ट्रीय प्रमाणपत्र त्यावरच मिळतं.