घरात शुगरचा पेशंट असेल तर पायाचा ठणका असा ओळखा

आमच्या ऐरोलीत चिंबोरी साफ करताना बोटाला काटा लागला तर हळद दाबायची, झालं. पण ज्याला शुगर आहे, लिव्हर खराब आहे, डायलिसिस चालूय किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत त्याच्या जखमेला हा हिशोब लावू नका. खारट पाण्यातला व्हिब्रिओ नावाचा जंतू तर लिव्हरवाल्यांना फारच वाईट नडतो.

अशा जखमेतून नेक्रोटायझिंग फॅसायटिस नावाचं जीवघेणं इन्फेक्शन होऊ शकतं. त्याच्या जंतूंना मांस खाणारे जंतू म्हणतात पण ते खात नाहीत, त्यांच्या विषाने कातडीखालचा थर मरत जातो आणि वरून मात्र कातडी बरीच बरी दिसते. म्हणून पहिली खूण म्हणजे दिसतंय चिमूटभर आणि माणूस रात्रभर कण्हतोय. माझ्या वडिलांचा पाय एका क्लिनिकमध्ये बघितला, साधी सूज म्हणून गोळ्या दिल्या, आणि आम्हीपण ताप नाही म्हणून निवांत बसलो, तिथेच चुकलं. शुगरवाल्यांना ताप येईलच असं नाही, आणि पायाच्या नसा आधीच बधिर असतील तर दुखणंही कमी जाणवतं. मग नाडी खूप पळतेय का, माणूस गुंगीत आहे का, उगाच बरळतोय का हे बघायचं.

लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा, बाजूला वेळ लिहा, तासाभराने परत बघा. लाली रेघ ओलांडून गेली, किंवा सूज लालीच्याही पुढे कडक लागली, तर निघा. जांभळट रंग, फोड, दाबल्यावर करकर ही उशिराची लक्षणं, त्यांची वाट बघू नका. आणि ठणका एकदम थांबून जागा बधिर झाली तर बरं वाटलं समजू नका हं, तिथल्या नसा मेल्यात.

जांघेत, गुप्तांगाजवळ असं झालं तर पुरुष लाजून सांगत नाहीत, त्यांना दरडावून विचारा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये याच जागेच्या इन्फेक्शनचा इशारा दिलाय. प्रकार दुर्मिळ आहे, गोळी मनाने बंद करू नका.

शेक, मालिश, बाम नको, पेनकिलरने तर खूणच झाकली जाते. १०८ ला फोन करा, सर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, नेक्रोटायझिंग फॅसायटिस तर नाही ना असं सरळ विचारा. मेलेल्या भागात रक्तच जात नाही त्यामुळे नुसतं अँटिबायोटिक पुरत नाही, कापून काढावं लागतं, तेही त्याच दिवशी. जाताना गोळ्यांची पिशवी घ्या आणि शेवटचं कधी खाल्लं ते लक्षात ठेवा, भूल देणारे डॉक्टर तेच आधी विचारतात.