पायाच्या नखाची बुरशी: कानस, लेप आणि धीर
नख पिवळट, जाड, कडेने भुसभुशीत झालं की बहुधा बुरशीच. पण ठेच लागून किंवा सोरायसिसनेही नख असंच दिसतं, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून नखाचा तुकडा तपासून घ्या. मधुमेह असेल तर घरगुती उपाय नकोतच.

एक-दोन नखांची टोकंच बिघडली असतील तर ५ टक्के अमोरोल्फिनचा लेप चालतो. नख कापा, वरचा जाड थर कानशीने घासा, स्पिरिटने पुसा, वाळलं की लेप लावा. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. घासायचा कंटाळा केला की औषध वरच राहतं. ती कानस चांगल्या नखांना लावू नका. पायाचं नख पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने लागतात. दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडणारेच जास्त! बुरशी मुळापर्यंत गेली असेल तर गोळ्या लागतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

बोटांमधल्या चिखल्या तशाच ठेवल्या तर बुरशी तिथून पुन्हा नखात शिरते. त्यांना १ टक्का टर्बिनाफिनचं मलम लावा. स्टेरॉइड मिसळलेली मलमं टाळा: खाज थांबते, बुरशी पसरते. पावसाळ्यात बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे एक वाळतो. बेचक्या रोज कोरड्या पुसा.